कणकेच्या अळ्यांचा तास

जो जीव आजूबाजूच्या रंगात मिसळून जातो तो तगतो, आणि जो डोळ्यांत भरतो तो कुणाच्या तरी चोचीत जातो, हे शिकवायला राजानंद खरातइतका लायक माणूस परतूर तालुक्यात दुसरा सापडला नसता. सगळी नोकरी त्यानं याच तत्त्वावर काढली होती. बैठकीत तो मधल्या रांगेत बसायचा, कारण पुढच्या रांगेतल्यांना काम मिळतं आणि मागच्या रांगेवर साहेबांची नजर असते. "ही जबाबदारी कोण घेणार?" असं कुणी विचारलं की तो चष्मा पुसायला घ्यायचा. कपडेसुद्धा शाळेच्या भिंतीच्या रंगाचे. अशा माणसानं विज्ञानाच्या एका तासापायी अख्ख्या खापरटाकळीच्या डोळ्यांत भरावं, हे त्याच्या नशिबात होतं म्हणावं, तर तो नशीबही मानत नव्हता.

दोष कुणाला द्यायचाच तर अर्पिता सोळंकेला द्यावा लागेल. खापरटाकळीच्या जिल्हा परिषद प्रशालेत राजानंद विज्ञान शिकवायचा. शाळा नुकती उघडली होती, आभाळ अजून कोरडंच होतं आणि दहावीच्या वर्गात उत्क्रांतीचा धडा चालू होता. चालू होता म्हणजे राजानंद वाचत होता आणि पोरं ऐकत असल्यासारखी बसली होती. त्यानं 'नैसर्गिक निवड' हे शब्द फळ्यावर लिहून खाली दोनदा रेघ ओढली, तेवढ्यात अर्पिता उभी राहिली.

"सर, अळीला कळतं का, की आपण पानासारखं हिरवं व्हावं म्हणून?"

"न्हाई. अळीला काय कळतंय?"

"मंग ती हिरवी कशी होती?"

"ती होत न्हाई. ज्या हिरव्या असतात त्या वाचतात, बाकीच्या पाखरांच्या पोटात जातात. वाचलेल्यांची पिल्लं पुन्हा हिरवी. असं पिढ्यान् पिढ्या."

अर्पितानं थोडा विचार केला. पोरगी उर्मट नव्हती, हीच खरी अडचण. उर्मट असती तर खाली बसवता आलं असतं. तिनं अगदी भाबडेपणानं विचारलं, "तुम्ही पाह्यलं का सर हे कधी?"

राजानंद म्हणाला, "पुस्तकात दिलेलं आहे."

"माझी आजी पण तसंच म्हणती," अर्पिता म्हणाली. "पोथीत दिलेलं हाये म्हणती." आणि ती खाली बसली.

हा घाव वरवरचा नव्हता. राजानंदचे वडील देवानंद परतूरच्या मोंढ्यात हमाली करायचे आणि संध्याकाळी विहारात बसून पोरांना सांगायचे, की ग्रंथात लिहिलंय म्हणून मानू नका, मोठ्या माणसानं सांगितलंय म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या आणि मंगच माना. त्या बापाचा मुलगा भरवर्गात 'पुस्तकात आहे' म्हणाला होता. वर्षानुवर्षं तो हा धडा शिकवत आला, पोरं त्यावर पैकीच्या पैकी गुण घेत आली, आणि ही गोष्ट घडताना त्यानं स्वतः एकदाही पाहिली नव्हती. मोटारसायकलवरून घरी येताना त्याला सारखं वाटत राहिलं, की आपण इतकी वर्षं विज्ञानाच्या नावाखाली पोथीच वाचत आलो. आता पोरांना हे डोळ्यांनी दाखवायचं, आणि त्यांच्यासोबत आपणही एकदा पाहायचं, असं त्यानं ठरवलं. माणसानं ठरवण्याआधी घरी विचारावं म्हणतात ते उगीच नाही.

प्रयोग तसा सोपा होता. कणकेच्या वेगवेगळ्या रंगांच्या अळ्या करायच्या, सगळ्या रंगांच्या सारख्याच, आणि त्या मैदानावर पसरून ठेवायच्या. सकाळी पाखरं येऊन खातील. कोणत्या रंगाच्या उरल्या ते मोजायचं, उरलेल्यांना त्यांच्याच रंगाची पिल्लं द्यायची आणि पुन्हा पसरायच्या. परतूरच्या घरी राजानंदची बायको सुमेधा परात घेऊन बसली. मुळात ती उन्हाळ्यात शेवया-बोटवे वळणाऱ्या हातांची, त्यामुळे अळ्या भराभर पडायला लागल्या.

"कणकेचे दिवे करतात, मुटके करतात," ती म्हणाली. "अळ्या करणारे तुम्ही पहिलेच. आणि ही चांगल्या गव्हाची कणीक हाये, सांगून ठेवते."

लाल रंगासाठी जिलेबीचा रंग आणला, पिवळ्यासाठी हळद घातली, हिरव्यासाठी पालक वाटला. मातकट अळ्यांच्या कणकेत चहाचं पाणी आणि शाळेच्याच मैदानातला चाळलेला मुरूम मिसळला. एवढ्यात शेजारचे मच्छिंद्रभाऊ आले. त्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं, आणि दुकान बंद असलं की ते सल्ले फुकट देत.

"सर, मी दिवसभर अळ्या मारायची औषधं इकतो, आन् तुम्ही भिंतीपल्याड बसून अळ्या वळून राह्यले. हे शेजारधर्माला बराबर न्हाई," ते म्हणाले, आणि सगळं ऐकून घेतल्यावर पाटावर ऐसपैस बसले. "पाखरं येतील तवा येतील. त्याच्याआधी मुंग्या घेऊन जातील सगळं. चुन्याचा चौकोन आखा. चुन्याची रेघ मुंगी बिलकुल ओलांडत न्हाई. आन् चारी कोपऱ्याला खुट्या ठोकून दोरा बांधा, न्हाईतर पोरं तुडवतील."

सल्ला पटण्यासारखा होता. दोरा तेवढा घरात लालच निघाला. आता चुन्याचा चौकोन, चार खुट्या, त्यांना लाल दोरा, आणि मधोमध लाल-पिवळ्या कणकेचे वळलेले तुकडे. एवढं वाचून तुमच्या लक्षात आलं असेल. राजानंदच्या आलं नाही. रविवारी संध्याकाळी तो मोकळ्या शाळेत गेला, एकट्यानंच सगळं मांडलं आणि समाधानानं घरी आला. त्या दिवशी अमावास्या होती. पंचांग न बघणं हा खरात घराण्याचा दोन पिढ्यांचा बाणा होता. मच्छिंद्रभाऊंना अमावास्या ठाऊक होती, पण त्यांना ते कुणी विचारलं नव्हतं.

सोमवारी शाळेत सगळ्यांत आधी साळूबाई आल्या. त्या शाळेत खिचडी शिजवायच्या. त्यांनी फाटकातून मैदान पाहिलं आणि तिथूनच मागं फिरल्या. राजानंद पोचला तेव्हा फाटकाबाहेर निम्मं गाव उभं होतं. पोरं आयांनी धरून ठेवलेली, मुख्याध्यापक तातेराव सर घाम पुसतायत, आणि आत कुणीच जात नाही.

"सर, आत नका जाऊ," साळूबाई म्हणाल्या. "कुणीतरी उतारा टाकलाय. अवसेचा. पोरायच्या शाळेत."

राजानंदच्या अंगात एकदम बळ आलं. मधल्या रांगेत बसणारा हा माणूस एका विषयावर मात्र गप्प बसत नसे, आणि तो विषय म्हणजे अंधश्रद्धा. त्यानं गाडी स्टँडवर लावली आणि तिथंच सुरू केलं. एकविसाव्या शतकात ज्या कुणी हे केलं असेल त्या मूर्खाची कीव येते, असं तो म्हणाला. असल्या माणसाला शोधून काढलं पाहिजे, असंही म्हणाला. याच्यासाठी कायदा आहे, त्याचं पोस्टर आपल्याच शाळेच्या व्हरांड्यात लावलेलं आहे, आणि वेळ पडली तर आपण स्वतः तक्रार द्यायला जाऊ, असं तो बराच वेळ बोलत होता. लोक माना हलवत होते. बोलता बोलता त्यानं फाटकातून आत पाहिलं.

त्यानं चष्मा काढून पुसायला घेतला.

"माझ्या आहेत," शेवटी तो म्हणाला.

"काय?" तातेराव सरांनी विचारलं.

"अळ्या. म्हणजे कणकेच्या. प्रयोगासाठी."

गर्दीतून अर्पिताचे वडील अंगद सोळंके पुढं आले. शाळेच्या समितीचे ते अध्यक्ष होते आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. ते रागानं बोलले असते तर बरं झालं असतं. त्यांचा आवाज दुखावल्यासारखा होता. "सर, तुम्ही? तुम्हाला आम्ही शाना माणूस समजून राह्यलो. आमच्या पोरायनं काय वाईट केल्तं तुमचं?"

राजानंदनं समजावलं. रंग, पाखरं, पिढ्या, सगळं सांगितलं. समजावताना तो जितका तपशिलात जाई, तितके लोक एकेक पाऊल मागं सरत. 'वाचलेल्यांना मी पिल्लं देणार होतो' या वाक्याला तर दोन बायकांनी पोरं उचलूनच घेतली. शेवटी त्यानं आवेशात आत जाऊन एक लाल अळी उचलली आणि सगळ्यांदेखत खाल्ली.

विज्ञानासाठी लोकांनी विष घेतलेलं आहे, मग कच्ची कणीक काय आहे, असं त्याला वाटलं होतं. पण रात्रभर उघड्यावर पडलेली, जिलेबीच्या रंगात भिजलेली ती कणीक दुपारपर्यंत गप्प राहिली आणि मग बोलायला लागली. मंगळवारी खरात सर शाळेत आले नाहीत. बुधवारी आले ते उतरलेल्या तोंडानं, आणि तोवर गावाचा निकाल लागून गेला होता. उतारा टाकणाऱ्यावरच उलटला, असं ठरलं होतं. त्या दोन दिवसांत चौकोनातल्या बऱ्याच अळ्या एका शेळीनं खाल्ल्या होत्या आणि शेळी ठणठणीत होती. पण शेळीचं काय, शेळी वर्तमानपत्रही खाते, असं लोक म्हणाले.

मैदान ओस पडलं. प्रार्थना व्हरांड्यात व्हायला लागली, खेळाचा तास वर्गात, आणि घरी जाताना पोरं भिंतीला घासून चालायची. तातेराव सरांची निवृत्ती जवळ आली होती. कुठल्याही कागदावर आपलं नाव येऊ नये एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यांनी राजानंदकडे लेखी खुलासा मागितला. राजानंदनं लिहिलं, की सदर अळ्या गव्हाच्या कणकेच्या असून त्यांचा कोणत्याही अघोरी शक्तीशी संबंध नाही.

"'अघोरी' कामून लिहिलं?" तातेराव म्हणाले. "मंग साध्या शक्तीशी संबंध हाये का, असं वरून विचारतील."

"मंग काय लिहू सर?"

"शक्तीचं नावच घेऊ नका. आन् 'अळ्या' पण काढा. शाळेत खिचडी शिजती, अळ्या हा शब्द कागदावर नको. 'सदर वस्तू' लिहा."

त्या खुलाशात शेवटी एकही अर्थाचा शब्द उरला नाही, आणि म्हणून तो मंजूर झाला. प्रकरण इथं मिटलं असतं. पण शनिवारी आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांची शिक्षण परिषद खापरटाकळीलाच भरणार होती आणि तिच्यात नमुना पाठ म्हणून राजानंदचं नाव गेलं होतं. तातेरावांनी केंद्रप्रमुख राधेश्याम सरांना फोन करून पाठ रद्द करा म्हणून विनवलं. राधेश्याम सर म्हणाले, पाठाचं नाव लिंकवर भरलं गेलंय, आता लिंक उघडत नाही, आणि लिंक उघडत नसेल तर ब्रह्मदेवालाही बदल करता येत नाही. पाठ होणारच.

पोरंच मैदानावर येणार नाहीत तर पाठ कुणासमोर करायचा? राजानंदच्या मनात आलं, की चित्रांचे तक्ते लावावेत, मधल्या रांगेत जाऊन बसावं, आणि सगळं विसरलं जाईल. ते त्याला सहज जमलं असतं. पण मग अर्पिताला आयुष्यभर वाटत राहील, की एक पोथी आजीची आणि दुसरी सरांची. गुरुवारी संध्याकाळी तो अंगद सोळंक्यांच्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला.

"अंगदराव, माझ्या हातची कणीक चालत नसंल तर तुमच्या हातची घ्या," तो म्हणाला. "साळूबाई मळतील, तुमच्या डोळ्यांसमोर. तुमच्याच घरचं पीठ. तुम्ही भिंतीवर बसून राखण करा. मी हातसुद्धा लावत न्हाई."

अंगदराव उठून उभे राहिले. "हाताचं काढू नका सर," ते म्हणाले. "हाताचं काहीच न्हाई, गावात कुणाच्या मनात न्हाई ते. अवसेचं हाये. आन् त्या रंगाचं." मग त्यांनी आतून चहा मागवला, आणि पीठ किती लागेल ते विचारलं.

रंगांची बैठक शुक्रवारी मुख्याध्यापकांच्या खोलीत झाली. लाल-पिवळा तर बादच होता. राजानंदनं निळा सुचवला.

"निळा नको," तातेराव दचकून म्हणाले. "उद्या पाखरांनी निळ्या अळ्या खाल्ल्या तर तहसीलवर निवेदन जाईल."

"सर, माझी काही हरकत न्हाई."

"तुमची नसंल हो. निवेदन देणारा तुम्हाला विचारून देतो का? भगवाही नको. हिरव्याचं तर नावच काढू नका."

"मंग उद्यापासून पालकाची भाजी पण बंद करायची का सर?" साळूबाईंनी दारातून विचारलं.

शेवटी पांढऱ्याला मान्यता मिळाली, कारण त्याच्या बाजूनं किंवा विरुद्ध कुणीच मोर्चा काढत नाही. आणखी एक रंग हवा होता. तेव्हा अंगदराव म्हणाले, "गुलाबी घ्या. कापसातली बोंडअळी तशीच ऱ्हाती. तिला खाऊ द्या की पाखरांला." हा ठराव एकमतानं पास झाला. असं एकमत त्या खोलीत पूर्वी कधी झाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

शनिवारी सकाळी शाळेची भिंत माणसांनी भरून गेली. साळूबाईंनी व्हरांड्यात सर्वांदेखत कणीक मळली. गुलाबी, पांढऱ्या आणि मातकट अळ्या वळल्या, तिन्ही सारख्याच. मच्छिंद्रभाऊ दुकान बंद ठेवून परतूरहून आले होते, आणि चुना आणू का, असं त्यांनी दोनदा विचारलं. अळ्या पसरायला कोण जाणार असा प्रश्न आला तेव्हा कुणी पुढं होईना. मग अर्पिता उठली. तिनं वडिलांकडे पाहिलं, अंगदरावांनी मान हलवली, आणि तिच्या मागं तिच्या बाकावरची मोनाली गेली, मग दहावीचा सगळा वर्ग. व्हरांड्यालगतच्या कोपऱ्यात पोरांनी अळ्या पसरल्या आणि पळत परत आली.

मग काहीच झालं नाही. बराच वेळ काहीच झालं नाही. पाखरांना लिंक गेली नसावी. पाहुण्या शिक्षकांनी घड्याळं पाहिली, राधेश्याम सरांनी खुर्चीत कूस बदलली. तेवढ्यात लिंबावरून एक साळुंकी उतरली. दोन पावलं चालली, मान वाकडी केली आणि एक गुलाबी अळी उचलून उडाली.

भिंतीवरून एक हुंकार आला. मग दुसरी साळुंकी उतरली, मग सातभाईंचं टोळकं कलकलाट करत आलं, आणि पुढं जे चाललं ते गावानं श्वास रोखून पाहिलं. पाखरू मातकट अळीच्या अगदी जवळून जायचं, तिच्यावरून उडी मारायचं आणि पलीकडची गुलाबी उचलायचं. प्रत्येक गुलाबीला कापूसवाल्यांची दाद मिळत होती. पाखरं दमून उडाली तेव्हा पोरं उरलेल्या अळ्या मोजायला धावली. गुलाबी एकही नव्हती. पांढऱ्या थोड्या होत्या. मातकट जवळपास सगळ्याच होत्या, पण त्या शोधायला पोरांना गुडघ्यांवर बसावं लागलं.

"आता जितक्या वाचल्या, तितकी त्यांची पिल्लं," राजानंद म्हणाला. "साळूबाई, पांढऱ्या थोड्या करा, मातकट जास्त."

"आन् गुलाबी किती करू?"

"वाचली किती?"

"एकबी न्हाई."

"मंग एकबी न्हाई."

साळूबाईंच्या परातीत गुलाबी कणकेचा गोळा तसाच होता. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. "मंग ह्या गोळ्याचं काय करू सर?"

"वंश बुडाला म्हणा की," अंगदराव हळूच म्हणाले. बोंडअळीवर इतकी वर्षं औषध मारणाऱ्या त्या माणसाच्या आवाजात थोडी हळहळ होती. 'नामशेष' हा शब्द राजानंदनं आजवर अनेकदा फळ्यावर लिहिला होता, पण त्याचा अर्थ असा परातीत पडलेला त्यानं पाहिला नव्हता.

दुसरी फेरी झाली, तिसरी झाली. पांढऱ्या विरळ होत गेल्या आणि संपल्या. शेवटी पोरांनी शोधून शोधून आणल्या त्या सगळ्या मातकट. अर्पिता ओंजळीतल्या अळ्यांकडे बघत उभी होती.

"सर, कुण्याच अळीनं रंग बदलला न्हाई," ती सावकाश म्हणाली. "कुणी काही ठरवलं पण न्हाई. तरी सगळ्या मातीसारख्या झाल्या."

राजानंदनं मान हलवली. तयार केलेलं भाषण त्याच्या खिशात होतं, पण त्यात याहून बरं वाक्य नव्हतं.

राधेश्याम सर तर लहान मुलासारखे उठले. पाखरांनी काही अळ्या उचलून लांब टाकल्या असतील, त्याही मोजल्या पाहिजेत, असं म्हणत ते पायऱ्या उतरले. त्यांच्या मागं पाहुणे शिक्षक, तातेराव सर, भिंतीवरची माणसं, सगळीच मैदानात उतरली आणि वाकून शोधायला लागली. आठवडाभर ज्या जागेला कुणी पाय लावला नव्हता तिथं निम्मं गाव रांगत होतं, आणि अवसेची आठवणही कुणाला नव्हती.

मैदानाच्या पार पलीकडच्या टोकाला राधेश्याम सर पोचले आणि एकदम एक टिटवी ओरडत उठली. टिटीटी करत ती त्यांच्या डोक्यावर घिरट्या घालायला लागली. त्यांनी एका हातानं डोकं झाकलं आणि दुसरा हात एका गोलसर खड्याकडे नेला.

"सर, हात लावू नका," अर्पिता ओरडली. "हालू पण नका."

त्यांच्या बुटापासून वीतभर अंतरावर, उघड्या मुरमावर, तीन अंडी होती. घरटं म्हणावं असं काही नव्हतं. नुसती अंडी, मुरमाच्याच रंगाची, मुरमावर असतात तसेच काळपट ठिपके असलेली. आठवडाभर माणसाचं पाऊल नाही असं बघून टिटवीनं निवांत अंडी घातली होती. सगळी माणसं जिथल्या तिथं थांबली. कुणी बोट दाखवत होतं, कुणाला दिसत होती, कुणाला नाही. ज्याला दिसली त्यानं पापणी मिटून उघडली की पुन्हा हरवत होती.

"आणखी असतील तर?" कुणीतरी म्हणालं.

यावर प्रत्येकानं आपापल्या पायांखाली पाहिलं. तातेराव सरांनी पुढं टाकायला उचललेला पाय तसाच वर राहिला होता. "खरात सर," ते कुजबुजले, "पाय टेकवू का?"

"थांबा सर, बघतो," राजानंद म्हणाला, आणि त्यानं खूप बघितलं. मुरूम होता, खडे होते. यातला खडा कोणता आणि जीव कोणता हे त्याला सांगता येईना. तातेराव सर एका पायावर उभे राहिले, पाहुणे शिक्षक वाकलेले तसेच वाकून राहिले, अंगदराव उकिडवे बसलेले तसेच बसून राहिले. दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या त्या सगळ्या शिक्षकांना तीन अंड्यांनी जागच्या जागी खिळवून ठेवलं. मग ज्यानं त्यानं आपल्याच पावलांच्या खुणा शोधत, मागं मागं सरत, मैदान रिकामं केलं. तातेराव सरांना दोघांनी धरून आणावं लागलं.

व्हरांड्यात दाटी करून सगळे उभे राहिले. टिटवी लांबवर उतरली. थोडं पळाली, थांबली, इकडंतिकडं बघितलं, पुन्हा थोडं पळाली. काळं डोकं, पांढरी मान, डोळ्यासमोर लाल ठिपका, सगळं स्पष्ट दिसत होतं. ती अंड्यांपाशी पोचली, पिसं फुलवली आणि हळूच खाली बसली. आणि एवढी माणसं टक लावून बघत असताना, भर उन्हात, उघड्या मैदानात, ती दिसेनाशी झाली.

"सर, कुठं गेली?" अर्पितानं विचारलं.

राजानंदनं एकदाही नजर हलवली नव्हती. चष्म्याच्या काचा स्वच्छ होत्या. "तिथंच हाये," तो म्हणाला. "पण मलाही दिसत न्हाई."

त्याला भरून आलं, आणि ते लपवायची त्याला गरज वाटली नाही. त्या दिवशी शाळा किती वाजता सुटली हे खापरटाकळीत कुणालाच सांगता येणार नाही, कारण घंटा द्यायला निघालेल्या शिपायाचा हात तातेराव सरांनी धरून ठेवला होता.